मतदान शाळेत झालं, शाळेबद्दल मात्र कोणीच बोललं नाही

१५ जानेवारी २०२६ ला सकाळी साडेआठला आम्ही मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत मतदानाला गेलो, मी, नवरा आणि आई. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, आईने पर्समध्ये तिळगुळाची पुडी घेतलेली, रांगेत ओळखीचं कोणी भेटलं की द्यायला. आमचं मतदान केंद्र म्हणजे पालिकेची शाळा, आणि ती माझ्या मुलाचीच शाळा आहे, तो तिथे सहावीत आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पूर्व उपनगरातली आहे एवढं पुरे.

खोली मिळाली ती पण नेमकी सहावीचीच. बाक भिंतीला लावून ठेवलेले, एकावर एक. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं तसंच होतं, "पट ३८, उपस्थित ३१", वरती तारीख आणि सुविचार. भिंतीवर अपूर्णांकाचा तक्ता, तो माझ्या मुलाच्या ग्रुपने केलाय, त्यातल्या भाकरीच्या चित्राचे आठ तुकडे मी घरी कापून दिले होते. त्या तक्त्याखालीच पुठ्ठ्याचा आडोसा आणि त्यामागे मशीन. मोबाईल आत न्यायचा नव्हता म्हणून फोटो नाही, पण ते दृश्य डोक्यातून जात नाहीये. बोटाला शाई लावणाऱ्या बाई पण दुसऱ्या कुठल्यातरी शाळेतल्या शिक्षिकाच होत्या, त्यांनीच सांगितलं, ट्रेनिंग धरून वर्गाचे बरेच दिवस गेलेत म्हणाल्या.

मशीनवर नावं वाचली, बटण दाबलं, बीप झाला, बाहेर आले. आणि गेटपाशी उभं राहिल्यावर लक्षात आलं की गेले तीन आठवडे आमच्या दारात इतके जण आले, इतकी पत्रकं दिली, आणि शाळा हा शब्द मी विचारल्याशिवाय एकाच्याही तोंडून आला नाही. मतदान शाळेत, मोजणारे शिक्षक, निवडून जाणारी माणसं जी शाळा चालवणार ती हीच. तरी नाही.

हे मला एवढं का लागलं ते सांगते, आणि त्यासाठी माझ्या मामेबहिणीबद्दल सांगावं लागेल.

ताई सॅन फ्रान्सिस्कोला असते, बरीच वर्षं झाली, पण अजून तिकडची नागरिक नाही, व्हिसावरच आहेत दोघं. मुलगी तिकडच्या सरकारी शाळेत जाते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. पण ताई मला व्हिडिओ कॉलवर सांगत होती ती स्कूल बोर्डाची निवडणूक. मला आधी कळेचना की हे काय. तर तिकडे शाळा चालवायला नगरपालिकेपेक्षा वेगळं बोर्ड असतं आणि त्या बोर्डाचे मेंबर लोक थेट मत देऊन निवडतात. सॅन फ्रान्सिस्कोचं बोर्ड सात जणांचं, चार वर्षांची मुदत, त्या वर्षी चार जागा होत्या. तसंच नगरसेवकांसारखे अकरा सुपरवायझर, ते एकेका भागातून.

तिच्या शेजारच्या आजींची मतपत्रिका घरी पोस्टाने आलेली, त्या आजींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पसरली आणि ताईने त्यांना विचारून मला कॅमेऱ्यात दाखवली. कागद लांबलचक, एकाला पुरे पडला नाही म्हणून अजून कागद. राष्ट्राध्यक्षाच्या नावाखाली पक्ष लिहिलेला. आणि खाली येत येत शहराच्या भागात आलं की पक्ष गायब. नावाखाली काय, तर तो माणूस काम काय करतो ते. शिक्षक, वकील, पालक, असं. चिन्ह नाही, पक्ष नाही. कॅलिफोर्नियात शहर, शाळा वगैरे सगळ्या स्थानिक निवडणुकांना हाच नियम, मतपत्रिकेवर पक्ष छापायचाच नाही. लॉस एंजेलिसला पण तसंच, तिथले पंधरा नगरसेवक आणि सात जणांचं स्कूल बोर्ड, कोणापुढेच पक्ष नाही.

आजी चष्मा लावून एक जाड पुस्तक वाचत होत्या, ते सरकारकडून प्रत्येक मतदाराला येतं, त्यात उमेदवारांनी स्वतःबद्दल लिहिलेलं असतं. पक्ष लिहिलेला नसल्यामुळे वाचावंच लागतं म्हणाल्या. मला ते फार आवडलं. सत्तरी ओलांडलेली बाई, नातवंडं दुसऱ्या गावाला, घरात शाळेत जाणारं कोणी नाही, आणि तरी शाळेच्या मेंबरसाठी पेन्सिलने खुणा करत बसली होती.

त्या वर्षी तिकडे वाचण्यासारखं कारण पण होतं. ऑक्टोबरमध्ये तिथल्या शाळाखात्याने पटसंख्या कमी झाली म्हणून बंद होऊ शकतील अशा शाळांची यादी काढली, १३ शाळा. पालक इतके भडकले की दोन आठवड्यांच्या आत ते सगळं थांबवावं लागलं आणि मुख्य अधिकाऱ्याने राजीनामा दिला. आणि लगेच नोव्हेंबरात मतदान. म्हणजे उमेदवार दारात आला की पहिला प्रश्न, शाळा बंद करणार का नाही ते बोल.

हे ऐकताना मला आपल्या मराठी माध्यमाच्या शाळा आठवल्या. पट घसरत गेला, वर्ग एकत्र झाले, कुठे दुसऱ्या इमारतीत हलवले. माझी स्वतःची शाळा, परळची, पालिकेचीच, मी सातवीपर्यंत तिथे शिकले. दोन तुकड्या असायच्या आमच्या वेळी. त्या शाळेचं पुढे काय करायचं यावर कुठल्या निवडणुकीत कोणी मत मागितलेलं मला आठवत नाही, आणि आम्ही पण विचारलं नाही, हे खरं आहे.

अजून एक गोष्ट आहे, आधीची, २०२२ ची. करोनात तिकडच्या सरकारी शाळा फार दिवस बंद राहिल्या, आणि शाळा बंद असताना बोर्ड ४४ शाळांची नावं बदलायच्या मागे लागलं होतं, लिंकन, वॉशिंग्टन वगैरे. पालकांनी सह्या गोळा केल्या आणि १५ फेब्रुवारी २०२२ ला बोर्डाच्या तीन मेंबरना मुदत संपायच्या आत मतदान घेऊन घरी पाठवलं. तिघांच्याही विरोधात सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा वरच मतं पडली. नावं बदलणं चूक का बरोबर त्यावर ताईचं आणि तिच्या नवऱ्याचं अजून जमत नाही, तो मुद्दा नाहीये माझा. मुद्दा असा की शाळा का उघडत नाही हे विचारायला त्यांच्याकडे माणूस होता, ज्याचं नाव माहीत होतं आणि ज्याला काढता येत होतं.

आता आपलं बघा. माझ्या मुलाची पहिली मोबाईलवर गेली, एकच फोन, तो पण नवऱ्याचा, नवरा कामावर गेला की शाळा बंद. छोट्यांचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, लगेच परत बंद झाले, जानेवारीच्या शेवटी पुन्हा सुरू. आणि ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली. त्यानंतर निवडणूकच नाही. २०१७ नंतर थेट २०२६. म्हणजे ज्या महिन्यात तिकडचे पालक मेंबर बदलून मोकळे झाले त्याच्या पुढच्याच महिन्यापासून आपल्याकडे बदलायला सुद्धा कोणी उरलं नाही. वॉर्ड रचना, आरक्षण, कोर्ट, तारीख पे तारीख, शेवटी सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२६ च्या आत घ्याच म्हटलं तेव्हा झाली. जवळजवळ चार वर्षं. माझा मुलगा दुसरीतून सहावीत आला तोपर्यंत.

मधल्या काळात काय होतं ते सांगते. मी आमच्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं, म्हणून नीट लिहिते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये अशी समिती लागते, तिच्यात पाऊण हिस्सा पालक असायला लागतात आणि निम्म्या बायका. पालकसभेत निवडायची. अध्यक्ष पण पालकांमधलाच. शाळेचा विकास आराखडा करायचं काम कायद्याने या समितीचं आहे. आमच्याकडे त्या दिवशी पालकसभेला वीसेक जण आले, बाकीच्यांना दिवसाचा पगार बुडवून येणं शक्य नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी नावं वाचली, हात वर करायला सांगितलं, माझ्या नावाला अकरा हात वर आले. मी मोजले. कुठलाही पक्ष नाही, चिन्ह नाही, फक्त अकरा बायकांना वाटलं की ही बोलेल.

गणिताच्या बाई निवृत्त झाल्या आणि जागा भरली जाईना तेव्हा समितीने पत्र दिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी आणि अजून दोन आया स्वतः घेऊन गेलो. ज्या ऑफिसात गेलो तिथले साहेब वाईट वागले असं मुळीच नाही, त्यांनी बसायला सांगितलं, मागणी वर पाठवलीय म्हणाले, इनवर्डचा शिक्का मारून दिला. पण वर म्हणजे कोणाकडे? पूर्वी असतं तर नगरसेवकाच्या शाखेत किंवा ऑफिसात जाऊन बसता आलं असतं, तो कुठल्याही पक्षाचा असो, फोन तरी लावला असता. तीन शिक्के मारलेली तीन पत्रं माझ्या फाईलमध्ये आहेत. गणित दोन महिने दुसऱ्या वर्गाच्या सरांनी जमेल तसं घेतलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

म्हणून यावेळी निवडणूक लागली तेव्हा मी ठरवलं की जो कोणी दारात येईल त्याला एकच प्रश्न विचारायचा. शाळेसाठी काय करणार?

पहिल्यांदा आले ते रॅलीतच आले, ढोल-ताशे, हार, ओवाळणं, विचारायला जागाच नव्हती. दुसऱ्यांची पत्रकं वाचली, लाद्या, गटार, पाण्याचं प्रेशर, पुनर्विकास, हळदीकुंकू. सगळं लागतंच हो, पाणी लागतं, गटार लागतं, मी नाही म्हणत नाहीये. एकांना विचारलं तर "निवडून आल्यावर बघू ताई" म्हणाले आणि वरच्या मजल्यावर गेले. अजून एक उमेदवार बाई होत्या त्यांनी मनापासून सांगितलं की मला शाळांचं फारसं माहीत नाही, पण तुम्ही लिहून द्या. मी लिहून दिलं. आणि एक अपक्ष मुलगा होता, तिशीचा असेल, बरोबर दोनच मित्र. तो जिन्यातच बसला, वही काढली आणि विचारलं, पट किती, शिक्षक किती, मंजूर पदं किती, मुलींसाठी टॉयलेट वेगळं आहे का. वीस मिनिटं. माझ्या आईने त्याला चहा दिला.

मी मत कोणाला दिलं ते लिहिणार नाही. तो मुलगा पडला एवढं सांगते. मशीनवर त्याचं नाव खाली होतं, अपक्षांची नावं पक्षवाल्यांच्या नंतरच येतात, आणि चिन्ह असं मिळालेलं की पंधरा दिवसात लोकांच्या लक्षात बसणं अवघड. २०१७ ला २२७ पैकी पाच अपक्ष निवडून आले होते. २००७ ला जुहूतून ॲडॉल्फ डिसोझा नागरिकांचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि जिंकले, तेव्हा पेपरात बरंच आलं होतं, आता सगळीकडे असं होईल असं वाटलेलं. तसं झालं नाही.

आता कोणी म्हणेल की पक्ष काढून टाकले की झालं का सगळं. तसं नाही, आणि हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. आमचं गाव संगमेश्वरजवळ आहे, ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच, कायद्यानेच नाही. तिथे पॅनेल असतं. कपबशी, छत्री, शिलाई मशीन. पण कुठलं पॅनेल कोणाचं ते अख्ख्या गावाला माहीत असतं, मुंबईहून चाकरमान्यांना न्यायला गाडी कोण पाठवतंय त्यावरून पण कळतं, आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सगळे पक्ष आमचेच सरपंच जास्त म्हणून आकडे देतात. सॅन फ्रान्सिस्कोत पण डेमोक्रॅटिक पक्षाची स्थानिक समिती कोणाला पाठिंबा ते जाहीर करते, शिक्षकांची युनियन करते, लोक ती यादी बघून पण मत देतात. शिकागोत १९९५ पासून शाळांचं बोर्ड महापौरच नेमायचे, लोकांनी खूप वर्षं भांडून निवडणूक मिळवली, नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा २१ पैकी १० जण निवडून आले, बाकीचे अजून नेमलेले, सगळेच्या सगळे २१ निवडायची पाळी २०२६ च्या नोव्हेंबरात. पक्ष तिथेही छापलेला नाही, पण शिक्षक युनियन एका बाजूला आणि खाजगी संस्थांना शाळा चालवायला देण्याच्या बाजूचे दुसऱ्या बाजूला, दोघांनी पैसा ओतला. म्हणजे गट पडायचे ते पडतातच.

तरीपण मला फरक दिसतो. गावात पॅनेल असलं तरी उमेदवार कोण आहे हे बघितलं जातं, विहिरीचं काम कोणी केलं, अंगणवाडीचं छप्पर कोणी अडवलं, हे नावानिशी बोललं जातं. आणि तिकडे शाळेची वेगळी ओळ मतपत्रिकेवर आहे म्हणून शाळेबद्दल बोलावंच लागतं, पक्षवाले असोत नाहीतर युनियनवाले. आपल्याकडे ती ओळच नाही. पालिकेच्या कायद्यात शिक्षण समिती आहे, २६ जणांची, २२ नगरसेवक आणि बाहेरचे चार. पण त्या समितीवर कोण जाणार हे पक्षांच्या संख्याबळावर ठरतं, तुम्ही-मी त्यासाठी कधी बटण दाबत नाही. खर्च मंजूर करणाऱ्या स्थायी समितीवर जायला सगळे धडपडतात, शिक्षण समितीसाठी तशी धडपड मी तरी ऐकली नाही. आणि हे खातं लहान नाहीये. आठ भाषांमधून शाळा चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. शाळांची संख्या हजाराच्या वर. २०२५-२६ चं पालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं, त्यात शिक्षणाला साधारण ३,९५५ कोटी. दप्तर, गणवेश, बूट, वह्या धरून २७ वस्तू मुलांना फुकट मिळतात, माझ्या मुलाला मिळाल्या, चांगल्या होत्या, रेनकोट तर दोन पावसाळे टिकला. इतकं मोठं काम चालतं आणि त्यावर मत मागायला कोणी येत नाही, हेच मला सहन होत नाही.

ठाण्याला माझा दीर राहतो, तिकडे प्रभागात चार-चार जागा, त्याला चार वेळा बटण दाबायचं होतं. तो म्हणाला मला चौघांपैकी एकाचीच माहिती होती, बाकी तीन वेळा चिन्ह बघून दाबलं. आपल्याकडे मुंबईत एका वॉर्डाला एक माणूस, म्हणजे निदान विचारायला एकच दार. ते मला बरं वाटतं.

ताईचं एक सांगायचं राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ ला मतदान घेऊनच असा नियम केला की मूल शहरात राहत असेल आणि तुम्ही त्याचे आईबाप असाल तर नागरिक नसलात तरी स्कूल बोर्डासाठी मत देता येतं. फक्त स्कूल बोर्डासाठी, मतपत्रिका पण वेगळी, त्यावर तेवढंच. त्यावर कोर्टबाजी झाली, २०२२ ला रद्द झाला, २०२३ ला वरच्या कोर्टाने परत ठेवला. ताईने फॉर्म आणला. पण त्या फॉर्मबरोबर सूचना होती की तुम्ही दिलेली माहिती इमिग्रेशनवाल्यांच्या हाती जाऊ शकते, आधी वकिलाशी बोला. तिचं ग्रीन कार्ड अडकलेलं. फॉर्म आठवडाभर फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवला होता, मला कॉलवर मागे दिसायचा. शेवटी तिने तो भरला नाही. रडली ती त्या दिवशी. मग ती बोर्डाच्या मीटिंगला गेली, तिथे कोणीही उठून बोलू शकतं, चिठ्ठी द्यायची, नाव पुकारलं की मिनिट-दोन मिनिटं. तिने मुलीच्या शाळेतल्या वाचनाच्या बाईंना काढू नका एवढंच सांगितलं, हात थरथरत होते म्हणाली.

मी तिला म्हटलं, तुला मत नाही तरी तू बोललीस, मला मत आहे आणि मी चार वर्षं शिक्के गोळा करत बसले. ती म्हणाली, तुझ्या समितीला कायद्याने आराखडा करायचा हक्क आहे ना, तो केलाय का?

केला नव्हता. म्हणजे कागदावर होता, गेल्या वर्षीचाच तारीख बदलून.

निकालानंतरच्या आठवड्यात आमच्या वॉर्डाच्या नवीन नगरसेविकांना मी, अध्यक्ष आणि अजून एक आई असं तिघी जाऊन भेटलो. अभिनंदन केलं, तिन्ही पत्रांच्या झेरॉक्स दिल्या. त्यांनी गॉगल डोक्यावर सरकवून तिन्ही वाचली, तारखा बघितल्या, आणि विचारलं की तुमची समितीची मीटिंग कधी असते, मी येऊ शकते का. मी हो म्हटलं. आल्या तर इथे लिहीन, नाही आल्या तरी लिहीन.

मीटिंग शनिवारी आहे. नेहमी सकाळी अकराला असते, पण त्या वेळी धुणीभांड्याची कामं करणाऱ्या आया येऊ शकत नाहीत, म्हणून यावेळी मुख्याध्यापिका बाईंना विनंती करून दुपारी अडीच केलीय. ग्रुपवर टाकलंय, आत्तापर्यंत नऊ जणींनी येते म्हणून कळवलंय. आराखड्यात काय काय हवं ते मुलांनाच विचारून या असं सांगितलंय सगळ्यांना. माझ्या मुलाने दोन गोष्टी लिहून दिल्यात, गणिताला कायमचे सर, आणि तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा नळ.